चिमटा आणि प्रमुख पाहुणे

नव्वदच्या दशकात जालन्याबाहेरच्या माळावर हिवाळ्यात रिमोटवर उडणाऱ्या छोट्या विमानांचा मेळा भरायचा. पुण्याहून, हैदराबादहून माणसं जीपच्या टपावर पंख बांधून यायची. पाच फुटांच्या विमानांसाठी पन्नास फुटांचा मंडप असे. विमानाशिवाय कार्यक्रम झाला असता, स्टेजशिवाय नसता.

मी जायचो जुन्या जालन्यातल्या आमच्या रेडिओ मिस्तरींसोबत. दोन वर्षं दुकानामागच्या खोलीत खपून त्यांनी स्वतःचं विमान बनवलं होतं. चार लोकांसमोर ते वर न्यायचं आणि धड खाली आणायचं, एवढीच त्यांची इच्छा.

माळावर खरा नियम एकच होता. एका फळ्यावर कपडे वाळत घालायचे चिमटे लावलेले असत, प्रत्येकावर रिमोटच्या लहरीचा नंबर. एकाच नंबरचे दोन रिमोट चालू झाले की विमान कुणाचंच ऐकत नाही. म्हणून चिमटा ज्याच्या कॉलरला, त्यानेच आपला रिमोट चालू करायचा. डॉक्टर असो की ठेकेदार, सगळे मुकाट पाळायचे.

मिस्तरींच्या विमानाच्या पहिल्या वर्षी प्रमुख पाहुणे दोन तास उशिरा आले. गाडी आत येताना आकाशात विमान हवं, म्हणून संयोजकांनी मिस्तरींना उडवायला सांगितलं. ते छान घिरट्या घालत होतं. तेवढ्यात शाल-श्रीफळ उरकून कुणीतरी टेबलावरचा रिमोट उद्घाटनासाठी पाहुण्यांच्या हाती दिला. नंबर मिस्तरींचाच. पण प्रमुख पाहुण्याला कपड्याचा चिमटा कोण विचारणार?

त्यांनी बटण दाबलं. विमान उलटं झालं आणि सरळ शेजारच्या तुरीत गेलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, मग मंडपानेही वाजवल्या.

तुरीतून तुकडे वेचताना मी चिडून म्हणालो, माईकवर जाऊन सांगा सगळ्यांना. मिस्तरी बोटाने इंजिनाचा पंखा फिरवून बघत होते.

"जाऊ द्या सर. इंजन बराबर हाय. पंख काय, आपल्याच हातचे हायेत."

पुढच्या वर्षी मंडप तोच, पाहुणे नवे, भाषण जुनं. या खेपेला मिस्तरी स्वतः स्टेजवर गेले आणि लांब एरियलचा एक चकचकीत रिमोट त्यांनी अदबीने पाहुण्यांना दिला. त्याचे सेल मिस्तरींच्या खिशात होते आणि चिमटा कॉलरला.

पाहुण्यांनी गंभीरपणे बटण दाबलं. खाली उभ्या मिस्तरींनी आपल्या रिमोटवर विमान सोडलं. ते वर गेलं, तीन चकरा मारून वाऱ्याच्या तोंडाला आलं आणि मुरमाच्या पट्टीवर धावत येऊन थांबलं. कुठे ओरखडासुद्धा नाही.

पाहुणे हातातल्या रिमोटकडे कौतुकाने बघत म्हणाले, हे शिकायला फार दिवस लागतात का?

"न्हाई साहेब," मिस्तरी म्हणाले, "तुमचा तर हात बसलेलाच हाय."

मग कॉलरचा चिमटा काढून त्यांनी फळ्यावर लावला. त्याच नंबरसाठी तिथे तिघं जण थांबले होते. दोघं आमच्याच जालन्याचे; गेल्या वर्षी जालन्याचे एकटे मिस्तरीच होते.