गोष्टीतली आई

आमच्या मुलीला मराठी बोललेलं कळतं, वाचता मात्र येत नाही. इथे अमेरिकेत, पार्सिपनीत वाढलेली पोर. रविवारच्या मराठी शाळेत जेमतेम चार महिने टिकली. याचं मला फार वाईट वाटतं, असं मी चारचौघांत सांगत आले. खरं सांगायचं तर लिहिणाऱ्या आईला ती मोठी सोयच होती. तिचे रुसवे, तिची नवऱ्याशी भांडणं, सगळं मी कथांमध्ये बिनधास्त वापरलं.

तीन वर्षांपूर्वी, गरोदरपणाच्या पाचव्या महिन्यात तिचं बाळ गेलं. ती तिकडे विमानाने पाच-सहा तासांवर, चँडलरला असते. त्यावरही मी कथा लिहिली. कथेतली आई मिळेल त्या विमानाने लेकीकडे जाते, तिला मऊ भात भरवते, न बोलता तिचे केस विंचरते. कथा दिवाळी अंकात छापून आली. "अगदी काळजाला हात घातलात हो," असं एक बाई फोनवर रडत म्हणाल्या, आणि मी फुलून गेले.

गेल्या थँक्सगिव्हिंगला मुलगी घरी आली होती. मी कणीक मळता मळता बाहेर डोकावले, तर ती सोफ्यावर तोच अंक उघडून बसलेली, पानावर फोन धरलेला. मराठी पान फोनमध्ये इंग्रजी होऊन दिसतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

वाटलं, आता ओरडेल. ओरडली असती तर मीही भांडले असते. भांडणात मी कुणाला ऐकत नाही. पण ती हळूच म्हणाली, "मॉम, इन द स्टोरी यू केम."

मी गेले नव्हते. "मराठी मंडळाचं संमेलन आटोपलं की येतेच गं," असं तिला तेव्हा फोनवर म्हटलं होतं. मला लेखिका म्हणून व्यासपीठावर बसायचं होतं ना! संमेलन आटोपलं. मग ती म्हणाली, "आय ॲम फाइन," आणि मी ते लगेच खरं मानलं. जन्मभर लाज वाटायला एवढं एक पुरेसं आहे.

त्या दिवशी मी माफी मागितली. ती "ओके" म्हणाली आणि पोळ्या लाटायला आली.

हे लिहू का, असं परवा तिला फोनवर विचारलं. लिहिण्याआधी तिला विचारायची ही माझी पहिलीच वेळ.

"लिही," ती म्हणाली. "बट धिस टाइम यू डोन्ट कम. ओके?"