इंजिन तापवण्याचा अर्धा तास

जास्त काम केलं म्हणून नोकरी गेलेला माणूस तुम्ही पाहिला नसेल. तो माणूस मी आहे, आणि ही हकीकत सांगायला बसलो की आजही माझे हात शिवशिवतात.

तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो आणि नाशिकला आग्रा रोडच्या कडेला एका भाताच्या गिरणीत इंजिन चालवत होतो. घोटी-इगतपुरीकडचं भात गाड्या भरभरून आमच्याकडे यायचं आणि तांदूळ होऊन बाहेर पडायचं. तीसेक माणसं कामाला होती, त्यांत निम्म्याहून जास्त पाखडणाऱ्या बायका. पण गिरणी म्हणजे मी, असं माझं प्रामाणिक मत होतं. इंजिन कागदोपत्री शेठचं असेल, त्याचा स्वभाव मला ठाऊक होता.

ते तेलावर चालायचं. चाक माणसाच्या छातीला लागेल एवढं, आणि पुढच्या टोकाला एक लोखंडी गोळा. हा गोळा तापून लाल झाल्याशिवाय इंजिन काही केल्या सुरू होत नसे. रॉकेलचा ब्लोलॅम्प पेटवायचा, त्याची फरफरती ज्योत गोळ्यावर सोडायची आणि पंचवीस मिनिटं राखण करायची. गोळा आधी निळसर, मग तपकिरी आणि शेवटी जास्वंदीसारखा लाल होई. मग चाक दोन्ही हातांनी मागे रेटायचं, एक जोरदार हिसका, आणि धड्ड! पुक, पुक, पुक करत नळीतून धूर उडायचा, पट्टा सळसळायचा, सगळी इमारत अंगात आल्यासारखी थरथरायची. अहाहा! दोन वर्षं रोज हेच पाहत होतो, तरी रोज मला नव्यानं आनंद व्हायचा. आई म्हणायची, "त्या इंजिनालाच माळ घाल, म्हणजे मुली बघायचा माझा त्रास वाचेल."

त्या सुमारास कारखान्यांसाठी नवा कायदा आला. दिवसाचे तास ठरलेले, कामाची वेळ फाटकावर लिहून लावायची आणि त्या वेळेबाहेर कुणी काम करताना सापडलं तर मालकाला दंड. शेठनं झोकात बोर्ड रंगवून घेतला: सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, मध्ये एक तास सुट्टी. आठ म्हणजे आठला पट्टा फिरला पाहिजे, हे शेठनं सगळ्यांना बजावलं. आठला पट्टा फिरायचा तर साडेसातला गोळा तापायला लागला पाहिजे, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. मी आपला पूर्वीसारखा साडेसातला जायचो, राखणदार फाटक उघडून द्यायचा. मी काम करतोय असं मला वाटतच नव्हतं. देवपूजेला कुणी काम म्हणतं का?

एका सकाळी पावणेआठच्या सुमाराला दारात एक साहेब उभा राहिला. खाकी टोपी, बगलेत वही. कारखान्यांचा तपासनीस. गोळा नुकता रंगात आला होता, मी घामानं निथळत होतो.

"केव्हापासून काम करतोयस?" त्यानं विचारलं.

इथं माझ्यातला शहाणा उफाळून आला. मला वाटलं, साहेब माझ्यावर खूश झालाय. "साडेसातपासून, साहेब!" मी छाती काढून म्हणालो. "आणि रोज! दोन वर्षांत एक दिवस चुकलो नाही!"

साहेबानं ते शब्दन् शब्द लिहून घेतलं. मी माझं नावही हौसेनं सांगितलं.

शेठ आला तेव्हा साहेब ऑफिसात त्याची वाट पाहत बसला होता. अर्ध्या तासानं साहेब गेला आणि शेठचा चेहरा माझ्या गोळ्यापेक्षा लाल झाला होता.

"वेळेआधी यायला तुला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही, शेठ. मी आपणहून येतो."

"हेच मी साहेबाला सांगितलं. हा माणूस माझ्या नकळत येतो, माझा हुकूम नाही, त्याला आजच काढतो. आता उद्या तू इथं दिसलास तर मी खोटा ठरेन. उद्यापासून येऊ नकोस."

मला आधी हसूच आलं. मग कळलं की हा माणूस खरंच बोलतोय. झोपाळूला ठेवलं, उशिरा येणाऱ्याला ठेवलं आणि लवकर येणाऱ्याला काढलं! कानशिलं तापली. तोंडात आलेलं सगळं बोललो आणि बाहेर पडलो. घरी आईसमोर मात्र रडू आवरलं नाही. पगाराचं आई कसंही निभावून नेणार होती, पण उद्या ते चाक दुसऱ्याच्या हातात जाणार या विचारानं जीव तुटत होता.

दुसऱ्या दिवशी पाय ऐकेनात. आठच्या आधीच मी फाटकाबाहेर रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. आठ वाजले. सगळी आत गेली. मी कान लावून ऐकू लागलो. पुक नाही, पाक नाही. मुकादमाचं "हय्या!" ऐकू आलं, मग चार जणांचं "हय्या!" मला राहवेना, फाटकातून डोकावलो. गार इंजिनाच्या चाकाला चौघं लोंबकळत होते! मुकादमाचा फेटा सुटून गळ्यात आला होता. घोटीच्या गाडीवाल्यांची रांग रस्त्यापर्यंत लागली होती. देवाशपथ, इतका आनंद मला सणालाही झाला नव्हता.

शेठनं मला पाहिलं आणि धावतच आला. "काय बिघडवून गेलास इंजिनात? पोलिसांत देईन!"

आनंद जागच्या जागी विरला. आता नोकरीवरून अब्रूवर आलं होतं. मी तोंड उघडणार तोच पाखडणाऱ्यांतली सगळ्यांत वयस्कर मावशी सूप खाली ठेवून पुढं आली.

"ओ शेठ, त्याला कशापायी बोलता? आमी रोज फाटकाभायेर बसतो तवा आतून भसभस आवाज येतो. ह्यो लेकरू कायतरी तापवत असतं आधी. आज कोन तापवनार?"

शेठ माझ्याकडे वळला. "तापवावं लागतं?"

दोन वर्षं इंजिन ज्याचं होतं, त्यानं मला हे विचारलं!

"चल, चालू कर," तो म्हणाला.

"मी तुमचा नोकर नाही, शेठ."

"आहेस रे बाबा, आहेस!"

"किती वाजल्यापासून?"

शेठनं बोर्डाकडे पाहिलं. "आठपासून."

"मग आता तापवतो. सगळ्यांनी थांबायचं."

आणि सगळे थांबले. बायका, हमाल, गाडीवाले, शेठ, सगळे इंजिनाभोवती गोल करून उभे. इतके दिवस मी एकट्यानं पाहिलेला तो लाल रंग आज तीस माणसं श्वास रोखून पाहत होती. मी चाक मागे रेटलं, हिसका दिला. धड्ड! बायकांनी टाळ्या पिटल्या. मावशी म्हणाली, "आरं बया, येवढं करतो व्हय रोज? आन् आमाला वाटायचं बटन दाबतो!" माझे डोळे भरून आले, आणि मी ते धुरावर ढकललं.

शेठनं घड्याळ पाहिलं. साडेआठ वाजून गेले होते. "उद्यापासून साडेसातला ये," तो म्हणाला.

"बोर्डावर लिहा."

त्यानं लिहून घेतलं, त्याच दिवशी, माझ्यादेखत: इंजिनवाला, साडेसात ते साडेचार. मी जिंकलो होतो! दुसऱ्या दिवशी साडेसातला मी त्या बोर्डाखालून राजासारखा आत गेलो. आणि संध्याकाळी साडेचारला मुकादम माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"चला, निघा. वेळ झाली तुमची."

"इंजिन चालू आहे की!"

"पाचला मी तेल बंद करीन. तुम्ही थांबलात तर शेठ परत काढतील."

मी चाकावरून हात काढला, कपडे झटकले आणि बाहेर आलो. आत इंजिन माझ्यावाचून झकास चाललं होतं. घराकडे मात्र पाऊल उचलेना. पाच वाजेपर्यंत, पुकपुक थांबेपर्यंत, मी फाटकाबाहेरच उभा राहिलो. रस्त्यावर उभं राहायला कायद्याची मनाई नव्हती.