हानजुनच्या आईने ऐकलेलं वाक्य

टीव्हीवरची सकाळची मालिका संपत आली की मालसुन सुरी खाली ठेवायची, हातमोजे न काढताच उठायची आणि शेडमधला मोठा पंखा बंद करायची. चिरलेल्या माशांवरचं पाणी सुकावं म्हणून तो दिवसभर चालू ठेवावा लागे. मालकीण कुरकुरायची, पण पंधरा सेकंदांचाच तर प्रश्न होता, म्हणून सोडून द्यायची.

गुर्योंगपो बंदराच्या मागे अशा शेडांची रांगच आहे. थंडीच्या दिवसांत बायका फळ्यांवर बसून कोंगची नावाचे मासे मधोमध चिरतात, काटा काढतात आणि शेपटीशी जोडलेले दोन भाग काठीवर टाकतात. बाकीचं काम समुद्राचा वारा करतो. मालसुन एकतीस वर्षं हे करत होती. तिचं नाव मालसुन आहे हे मात्र फार थोड्यांना ठाऊक होतं. मुलगा झाला त्या दिवसापासून ती हानजुनची आई झाली होती, जशी तिच्या शेजारी बसणारी मिरानची आई.

आणि आता हानजुन टीव्हीत दिसत होता. पाकिटातल्या सुपाची जाहिरात होती ती. बाहेर बर्फ पडतंय, कामावरून आलेला एक माणूस जमिनीवर बसतो, म्हातारी आई त्याच्यापुढे वाटी ठेवते. तो एक घोट घेतो, मान वर करतो आणि एकच वाक्य बोलतो. मग पाकीट दिसतं.

मालसुनला ऐकू यायचं, "आई, मी परत येतो."

मिरानच्या आईला ऐकू यायचं, "आई, मी परत घेतो."

"अगं, सुपाची जाहिरात आहे ना ती?" मिरानची आई म्हणायची. "सूप परत घेतो म्हणेल, नाहीतर काय म्हणेल?"

"वाटी अजून भरलेली आहे. एक घोट तर घेतलाय. भरल्या वाटीवर कोण परत मागतं?"

"माझा नवरा मागतो."

बायका हसायच्या. मालसुनही हसायची, पण हटायची नाही. "टोपी बघितलीस का त्याची? काढलीच नाही. म्हणजे उठून निघणार आहे. म्हणून सांगतो आईला, परत येतो."

"टोपी तर माझा नवरा झोपतानाही काढत नाही."

कौल घेतला तेव्हा तिघी 'घेतो'च्या बाजूने होत्या आणि दोघी 'येतो'च्या. त्या दोघींतली एक मालसुन स्वतः, दुसरी मालकीण. मालकिणीला पंखा लवकर सुरू व्हायला हवा होता.

मालसुनला ते वाक्य का हवं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणूनच वाद थट्टेच्या पुढे कुणी नेत नव्हतं. सहा वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला. मयताच्या घरी तीन दिवस मोठ्या मुलाने तसबिरीशेजारी उभं राहायचं असतं. येणाऱ्या प्रत्येकाला वाकून नमस्कार करायचा, प्रत्येकाचा नमस्कार घ्यायचा. हानजुन राजधानीत, सोलला, नट व्हायला गेला होता. तो आला तिसऱ्या दिवशी सकाळी, तिरडी उचलायच्या वेळी, चेहऱ्यावर कुठल्या तरी नाटकाचा रंग नीट न पुसलेला. तोवर तसबिरीशेजारी पुतण्या उभा होता. मालसुनने सगळ्या गावासमोर हानजुनला सांगितलं, "परत येऊ नकोस या घरी." तो आला नाही. त्याचा फोन नंबरही पुढे लागेनासा झाला.

म्हणजे तिच्या लेखी ते वाक्य जाहिरातीचं नव्हतंच. तिच्या बोलण्याला सहा वर्षांनी आलेलं ते उत्तर होतं.

नववर्षाचा सण तीन आठवड्यांवर आला होता. तिने हानजुनची दुलई धुऊन वाऱ्यावर टाकली. त्याच्या खोलीतली जमीन तापवणारी नळी सुरू करून बघितली. मग कुलूपवाल्याला बोलावून दाराला मधे बसवलेलं नवं कुलूप काढायला लावलं आणि जुनं परत बसवलं. जुन्याची किल्ली हानजुनकडे होती.

"खारं वारं खाऊन सडलंय हे, काकू," कुलूपवाला म्हणाला. "एक दिवस तुम्हालाच बाहेर ठेवेल."

"बसव तू."

शेडमध्ये एकच बाई या वादात कधी पडली नव्हती. ती म्हणजे गाम्पोवाली आजी. गाम्पो तिचं माहेर. मासे डबाबंद करायच्या कारखान्यात वीस वर्षं यंत्राजवळ बसून तिचे कान गेले होते आणि ती लोकांचे ओठ बघून बोलणं समजून घ्यायची.

एक दिवस मिरानच्या आईला सुचलं. "आजीला विचारूया ना! पंखा बंद केला तरी आपल्या कानात घुमतोच, तिच्या नाही."

तिने आजीचा दंड धरून टीव्हीकडे बोट केलं.

"मला नाही कळत टीव्हीतल्या माणसांचं," आजी नेहमीच्या सपाट, मोठ्या आवाजात म्हणाली. "बातम्या देणारी ती बाई तर नुसती मासळीसारखं तोंड हलवते. सोलवाल्यांची तोंडं निराळी चालतात."

"बघ तरी! हानजुन आहे तो."

जाहिरात आली. आजी पुढे वाकली. संपल्यावर तिने मान हलवली, जणू यात विचारण्यासारखं काय होतं.

"हा तर आपल्यासारखाच बोलतो की. 'आये, आनखी वाढ की,' म्हणतोय."

"बघ!" मिरानच्या आईने मांडीवर थाप मारली. "घेतो म्हणजे तेच झालं!"

पण मालकिणीच्या कपाळाला आठी पडली. "आये? टीव्हीत तर 'आई' म्हणतो. अगदी गुळगुळीत, सोलवाल्यासारखं."

"शिकलाय तो," मालसुन म्हणाली. याच गोष्टीचं तिला कौतुक होतं. गेला महिनाभर ती सांगत होती, पोराची बोली कशी सुधारली, शहराचं पाणी कसं लागलं.

"आये म्हणाला," आजी म्हणाली. "वाढ की म्हणाला. शेवटी ओठ फाकले त्याचे, गोल नाही झाले."

मिरानच्या आईने सोलला लेकीला फोन लावला. हानजुन आणि मिरान एका वर्गात होते. हात ओले म्हणून फोन फळीवर ठेवला आणि आवाज मोठा केला.

"मिरान, ती सुपाची जाहिरात आहे ना, हानजुनची..."

"आई, कामावर आहे मी! ती होय? त्यात आवाज कुठे त्याचा आहे? उन्हाळ्यात भुयारी रेल्वेच्या जिन्यात भेटला होता, त्यानेच सांगितलं. बारा वेळा म्हणून घेतलं म्हणे त्याच्याकडून, पण गावची बोली काही सुटेना. मग तोंड त्याचं ठेवलं आणि आवाज भलत्याच माणसाचा घातला. हसत होता सांगताना. आता नटाचं कामही सोडलंय त्याने. कुठे बांधकामावर जातो की काय, नंबरसुद्धा दिला नाही..."

मिरानची आई हातमोज्याच्या बोटाने फोन बंद करायला बघत होती. ओल्या रबराला फोन दाद देईना.

मालसुन जवळ आली. "माझं काही विचारलं का गं त्याने?"

पलीकडे कुठे तरी लिफ्टची घंटा वाजली.

"काकू? तुम्ही आहात होय... घाईत होता, काकू. गाडी आली त्याची."

मालकिणीने उठून पंखा लावला. मालसुन फळीवर जाऊन बसली, मासा हातात घेतला, चिरला. सुरी शेपटीपर्यंत गेली आणि दोन्ही भाग सुटे झाले. असा मासा काठीवर टाकता येत नाही. एकतीस वर्षांत तिच्या हातून क्वचितच असं झालं असेल. दुसराही तसाच चिरला गेला.

"राहू दे आज," मिरानची आई हळूच म्हणाली. "घरी जा."

"तो परत येतो म्हणाला नाही, हे ठीक आहे," मालसुन म्हणाली. "सूप तर सूप. पण आवाज त्याचा नव्हता, आणि मला कळलं नाही. महिनाभर ऐकत होते. मला कळलं नाही गं."

मिरानच्या आईने ते सुटे झालेले मासे उचलून बाजूच्या टोपलीत टाकले.

घरची चढण चढताना मालसुनने हानजुनचा आवाज आठवून बघितला. शाळेतून येऊन दारातून ओरडायचा तो, भात मागायचा तो. शब्द आठवत होते. आवाज मात्र जाहिरातीतल्या माणसाचाच येत होता, गुळगुळीत, नीट उच्चारलेला. त्या आवाजाने खरा आवाज पुसून टाकला होता. लख्ख आठवत होता तो फक्त तिचा स्वतःचा, तिसऱ्या दिवशी सकाळचा.

नववर्षाच्या दिवशी पुतण्या आला, तसबिरीपुढे वाकला, सूप प्यायला आणि दुपारी गेला. त्याला बसथांब्यापर्यंत सोडून ती परतली तेव्हा कुलूप उघडेना. किल्ली आत जाई, पण फिरेना. ती तिथेच वाऱ्यात उभी राहिली, शेवटी शेजाऱ्याने तेल आणून दिलं.

"नवं बसवा आता, काकू," शेजारी म्हणाला. "हे गेलंय."

"हो," ती म्हणाली. "गेलंय."

तिने किल्लीला तेल लावलं, जोर करून दार उघडलं आणि कुलूप तसंच राहू दिलं.