तापाचा निरोप

माझ्या आत्याला खोटं बोलता येत नाही. प्रयोगशाळेत पेशींची एखादी डिश वाया गेली, तर कुणी विचारायच्या आत "माझ्याच हातून गेली" असं सांगून ती मोकळी होते. आयुष्यभरात तिच्या तोंडून एकच खोटं निघालं. पण ते इतक्या वेळा निघालं की तिला पाठच झालं: "त्याला ताप आलाय."

हा 'तो' म्हणजे तिचा धाकटा भाऊ, माझे बाबा. रंगाच्या दुकानात गिऱ्हाईक मागेल ती छटा मिसळून देणं हे त्यांचं काम. पांढऱ्याच्या इतक्या तऱ्हा ओळखायचे की आई म्हणायची, "एवढं निरखून माझ्याकडे कधी बघितलं नाही." पण आदल्या रात्री पिऊन आलेले बाबा सकाळी उठत नसत. मग आई आत्याच्या खोलीच्या दाराशी जायची. "वन्सं, तुम्हीच दुकानात फोन करा. माझा आवाज कापतो." आत्याचा कापत नसे. मालक म्हणायचे, "बरं, आराम करू दे त्याला." बाबांची नोकरी टिकायची, घराची अब्रू टिकायची, आणि आत्या डबा उचलून कामाला निघायची.

गंमत अशी... गंमत कसली, माझ्या तर तळपायाची आग मस्तकात जाते. कामाला जायची ती लिव्हरच्याच. वैद्यकीय कॉलेजच्या प्रयोगशाळेत ती लिव्हरच्या पेशी वाढवते. गुलाबी पाण्यात त्यांना जपते, आणि आसपास कुणी नसलं की त्यांच्याशी बोलतेही. एकदा तिने मला सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं.

"या तारका पेशी. एरवी पोटात अ जीवनसत्त्व धरून गप्प पडून असतात. शेजारची पेशी दुखावली की निरोप सुटतो. त्याचं नाव टीजीएफ-बीटा. तारका तो दारावर घेते. मग तिच्या आतले निरोपे, त्यांना स्मॅड म्हणतात, ते तो थेट केंद्रकापर्यंत पोचवतात. की उठली ही, लागली धागे विणायला."

"कशाला?"

"डागडुजी गं. जखम बुजवायला."

"मग चांगलीच आहे की बिचारी."

"चांगलीच आहे. पण मारा थांबत नाही, निरोप येतच राहतो, आणि ही विणतच राहते. शेवटी लिव्हर कमी, डागडुजीच जास्त."

तो निरोप दारातच अडवणारं औषध शोधणं हे तिच्या गटाचं काम. डिशमध्ये कधीकधी तारका थांबायच्या. त्या दिवशी बाईसाहेब गुणगुणत घरी यायच्या.

आणि सकाळी पुन्हा फोन. मी एकदा चिडून विचारलं, "किती दिवस ही सारवासारव करणार आहेस?"

"नोकरी गेली तर तो जास्त पिईल," ती म्हणाली. तिला मनापासून तसं वाटायचं. हे बोलतानाही तिने दारूचं नाव घेतलं नाही. आमच्या घरात ते कुणीच घेत नसे.

मग एका सकाळी बाबा आरशासमोर दाढी करत होते आणि आत्या डबा घेऊन मागून चालली होती. आरशात तिला त्यांचे डोळे दिसले. पिवळे. ती जागीच थांबली. रंगांचा एवढा जाणकार माणूस, पण स्वतःच्या डोळ्यांतली छटा त्यांना दिसलीच नाही, असं मला तेव्हा वाटलं.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, लिव्हर बरंच घट्ट झालंय. आजपासून थेंबही नको. थांबलात तर थोडे धागे विरघळतीलही, नाहीतर वेळ फार नाही. आत्या मान डोलावत होती. बाहेर आल्यावर मात्र ती बाकावर बसली आणि ढसाढसा रडली.

"मी रोज हेच बघते गं. आणि घरी मीच विणत बसले. मला माझीच लाज वाटते."

तोंड धुऊन ती आत गेली, तर बाबा म्हणाले, "ताई, दुकानात निरोप दे. ताप आलाय म्हण."

आत्याने त्यांच्या उशाशी उभं राहूनच फोन लावला. "त्याला ताप नाहीये. दारूने लिव्हर खराब झालंय. ताप कधीच नव्हता. मी खोटं सांगत होते." या वेळी तिचा आवाज कापला.

मला वाटलं, आता बाबा आकाशपाताळ एक करतील. पण त्यांनी नुसती मान भिंतीकडे वळवली.

"डोळे पिवळे झालेले मला केव्हाच दिसले होते, ताई," ते म्हणाले. "छटा मला नाही कळणार? पण तू लिव्हरमधली जाणकार. तू ताप म्हणत होतीस, तोवर मला वाटायचं, अजून फार काही बिघडलेलं नाही."

आत्याने फोन पदराआड धरला, जणू तो कुणी बघू नये.

बाबांनी त्यानंतर दारूला हात लावलेला नाही. किती धागे विरघळले ते डॉक्टर दर तपासणीला बघतात. आत्या अजूनही तारका वाढवते, पण 'ताप' हा शब्द तिच्या तोंडून पुन्हा आला नाही. गेल्या महिन्यात मी खरोखरच फणफणले होते. माझ्या कपाळावर हात ठेवून ती म्हणाली, "अंग जरा गरम लागतंय तुझं."