कमानीवरचं पॅनेल

आमच्याकडचा सोलरवाला डिस्प्लेवरचे आकडे बघत नाही, सगळ्याला उलटा हात लावून बघतो. चकलांब्याकडच्या एका पुढाऱ्यांनी पॅनेल गावाला दिसावं म्हणून रस्त्यावरच्या कमानीवर बसवलं होतं. बॅटरी भरत नव्हती. लाइट गेली की त्यांच्या आईचं श्वासाचं मशीन तासाभरात थांबायचं. म्हणून त्यांनी बॅटरीत वीज सोडणारा साधा कंट्रोलर काढून भारीतला लावला. तरी तेच. सोलरवाल्यानं कंट्रोलरला हात लावला, मग कमानीपासून घरापर्यंत आलेल्या लांब, बारीक वायरला.

"कंट्रोलर थंड हाय, दादा. वायर तापलीय. निम्मी वीज वाटंतच जाती. पॅनेल आईच्या खोलीवर घ्या."

"तिथं कुणाला दिसणार बे?"

 सोलरवाला शिडी लावून कमानीवर चढला आणि नट सोडवू लागला. पुढाऱ्यांनी रस्त्यावर दोन्हीकडे पाहिलं आणि शिडी धरली.