डोळ्यांवरचा रुमाल

पाटलीणबाई माझ्या अंगावर थुंकली. गुळणीचं भांडं तिच्या हाताशी होतं. त्यात नाही थुंकली. माझ्या पांढऱ्या कोटावर थुंकली. थुंकीत मिसरीचा काळा गाळ होता, आणि तो मीच आत्ता तिच्या दातांवरून खरवडून काढला होता.

त्याच्या घडीभर आधी बाई खूश होती. पोरीचं लग्न ठरलेलं. व्याह्यांसमोर काळे दात घेऊन कसं हसावं म्हणून खामगावला डॉक्टरकडे आलेली. दातांची एक बाजू मी साफ केली आणि हातात आरसा दिला. बाई पाहतच राहिली. म्हणाली, "हात हलका हाये वं तुहा. कोन्या गावची?"

मी हरखले. मूर्खच मी. म्हणाले, "तुमच्याच गावची, काकू. पिंपळगाव राजाची."

"कोनाच्या घरची?"

मी बापाचं नाव सांगितलं. पुढचं तिला सांगायची गरज पडली नाही.

"डॉक्टर! म्हाराच्या पोरीचा हात घातला तुमी माह्या तोंडात?"

आम्ही बुद्धाचे झालो त्याला किती सालं लोटली होती. गावाच्या जिभेवर ते अजून चढलं नव्हतं. डॉक्टर धावत आला. मी कोण, हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, मीच सांगितलं होतं. तरी हात जोडून म्हणाला, "माफ करा बाई. नवीन आहे ही. मला कल्पना नव्हती."

बाईनं तांब्यामागून तांब्या गुळण्या केल्या. अर्धे दात पांढरे, अर्धे काळे, तोंडाला पदर लावून निघून गेली. डॉक्टर माझ्याकडे न बघता म्हणाला, "खुर्ची पुसून घे." मी पुसली. कोट नंतर धुतला.

मी झाडूवाली नव्हते हो. मुंबईच्या सरकारी कॉलेजात डेंटल हायजिनिस्टचा कोर्स करून आले होते. दात उपटायचा नाही, भरायचा नाही. दातांवर चढलेलं किटण काढायचं, हिरड्या वाचवायच्या, दात कसे घासायचे ते माणसांना शिकवायचं. तिथं आम्ही पोरी एकमेकींच्या तोंडात हात घालून शिकलो. माझ्या जोडीला कोकणातली एक बामणाची पोर होती. ती आ करून पडायची आणि माझं काम चालू असताना चक्क झोपून जायची. इतका तिचा माझ्या हातावर भरोसा. सर सांगायचे, नवीन राज्य आहे, जिल्ह्याजिल्ह्यात दातांचे दवाखाने निघतील, तुमच्यासारख्यांना जागाच जागा. मला खरंच वाटलं. काऊन नाही वाटणार? शिष्यवृत्तीवर शिकलेली पोर मी. सरकार शिकवतं तर कामही देईल, एवढंच डोक्यात.

बुलडाण्याच्या मोठ्या दवाखान्यात गेले तर तिथल्या बाबूनं विचारलं, "हायजिनिस्ट म्हंजे काय वं?" मी सांगितलं, दातांची सफाई. तो बाजूच्याकडे पाहून हसला. "सफाईच करायची होती त मुंबईले काऊन गेली? इथीच शिकवलं असतं तुह्या मायनं." दोघंही हसले. जागा मंजूर नव्हती. वर्षभरानं ये म्हणाले.

घरी बसले तर माय म्हणायची, चाल कापूस वेचाले. आणि कापूस कोणाच्या वावरातला? त्याच पाटलाच्या. म्हणून खामगावच्या डॉक्टरनं ठेवून घेतलं तेव्हा मी त्याला देव समजले. देव मानत नाही म्हणायचं आणि देव समजायचं, अशी माझी गत.

त्या थुंकण्यानंतर डॉक्टरनं मला काढलं नाही. काढून परवडणार नव्हतं त्याला. दात साफ करणं हे कंटाळवाणं काम, त्याची कंबर धरायची. माझ्या हातून काम चांगलं व्हायचं आणि पेशंट वाढले होते. म्हणून त्यानं तोड काढली. मला म्हणाला, "तू पडद्यामागं राहा. पेशंट आडवा झाला की दिव्याचा उजेड लागतो म्हणून मी त्याच्या डोळ्यांवर रुमाल टाकीन. मग तू ये. बोलायचं नाही. काम झालं की परत पडद्यामागं. म्हणजे कुणाला त्रास नाही."

कुणाला त्रास नाही.  त्याला खरंच वाटत होतं की तो माझ्यावर उपकार करतोय.

"आणि त्या बांगड्या काढून ठेव. वाजतात."

काढल्या. घरून निघताना घालायच्या, दवाखान्यात काढायच्या. एकदा विसरून तशीच घरी गेले. मायनं भुंडे हात पाहिले आणि कपाळावर हात मारला. "अवं, कोन मेलं तुहं?" मी काय सांगू? म्हटलं, काम करताना अडतात.

मग तेच सुरू झालं. रोज तेच. डॉक्टर खुर्चीपाशी उभा राहून गोड बोलायचा. "आ करा. हां, थोडं दुखेल. झालं झालं, अगदी थोडं राहिलं." आवाज त्याचा, हात माझे. मला खोकला आला तर मी पदर तोंडात कोंबायची. शिंक आली तर नाक दाबून धरायची. डोक्याला तेल नको, वास येतो म्हणून. चप्पल नको, वाजते म्हणून. फरशीवर अनवाणी पाय ठेवत मी चोरासारखी जायची, माझ्याच कामाला. पेशंट रुमालाखाली आ करून पडलेला, आणि मी त्याच्या तोंडात. इतक्या जवळ की त्याचा श्वास माझ्या मनगटाला लागायचा. मग मी पडद्यामागं. डॉक्टर रुमाल काढायचा. माणूस आरशात बघायचा आणि म्हणायचा, "वा डॉक्टरसाहेब, काय हात हाये तुमचा!"

पडद्यामागं खिडकी नव्हती. उकळत्या पाण्याचं भांडं, औजारं आणि मी. तिथं उभं राहून मला वाटायचं, माझे हात कापून ठेवले आणि मला घरी पाठवलं तरी चालेल ह्यांचं. सोडून जावं तर कुठं? पुढं पाटलाचं वावर, मागं बुलडाण्याचा तो हसणारा बाबू.  राग यायचा तो डॉक्टरचा कमी आणि माझा जास्त. काऊन की रुमाल तो टाकायचा, पण चालत मी जायची.

आणि मग बुलडाण्याला जागा निघाली. खरोखरची. दातांच्या विभागात हायजिनिस्ट पाहिजे, शिकलेली, आणि पेशंटवर काम केल्याचं डॉक्टरचं पत्र पाहिजे. मी धावतच गेले डॉक्टरकडे. तो खूश झाला आधी. मग त्याचा चेहरा पडला.

"पत्र देतो की. पण दात साफ केले असं कसं लिहू? बुलडाण्याला आपल्याकडचे पेशंट जातात, ओळखी असतात सगळ्यांच्या. बोभाटा झाला तर? मी लिहितो, दवाखान्यात साफसफाईचं काम चोख केलं. चोख शब्द घालतो मी मुद्दाम."

"साफसफाई कशाची, डॉक्टरसाहेब?"

"अगं, शब्दच तो. कशाला एवढं मनाला लावून घेतेस?"

 त्या दिवशी मला कळलं. हा रुमाल पेशंटच्या डोळ्यांवर नाहीच. हा माझ्या शिक्षणावर आहे. मी मरेपर्यंत ह्याच्याकडे काम केलं तरी मी कधी काम केलंच नाही, असंच राहणार.

त्याच आठवड्यात पाटलीणबाई परत आली. येणारच होती. लग्न जवळ आलं आणि दात अर्धे काळे, अर्धे पांढरे. आरशात बघवत नसणार. मी पडद्यामागून ऐकत होते. "थे पोरगी गेली ना?" डॉक्टर म्हणाला, "केव्हाच." बाई आडवी झाली. डोळ्यांवर रुमाल पडला. डॉक्टरनं मला बोट दाखवून बोलावलं, कुत्र्याला बोलावतात तसं.

मी गेले. आणि खोटं काऊन बोलू, काम मी मन लावून केलं. वाईट काम माझ्या हातून होतच नाही. एकेक दात घासून, खरवडून, हिरडीला धक्का न लावता. वरचे झाले, खालचे झाले. शेवटचा एक सुळा राहिला. बाई गुळणी करायला जरा उठली, रुमाल डोळ्यांवर तसाच धरून. भांड्यात थुंकली, ह्यावेळी भांड्यात, आणि समाधानानं म्हणाली, "आता कसं! तुमचाच हात पाह्यजे, डॉक्टरसाहेब. त्या म्हारनीचा हात लागला त माहे दात कितीक दिवस आंबट होते."

डॉक्टर हसला. हसला तो. "आ करा," म्हणाला.

मी आ करायची वाट पाहिली नाही. औजार ताटलीत ठेवलं. मुद्दाम वाजवून ठेवलं. आणि हात पुढं करून तिच्या डोळ्यांवरचा रुमाल काढला.

"काकू, डोळे उघडा. मीच हाये."

बाईचं तोंड उघडंच राहिलं. डॉक्टर काहीतरी पुटपुटला. मी आरसा उचलला आणि बाईच्या हातात दिला. "पाहा. हे सगळे माह्या हातचे. त्या दिवशीचेही आन आजचेही. एक सुळा राह्यला. करू का?"

बाईनं आरशात पाहिलं. मग माझ्याकडे. मग डॉक्टरकडे. तिला थुंकायचं होतं, मला दिसत होतं. पण थुंकून थुंकणार काय? दात थोडीच थुंकता येतात. तिनं ओठ गच्च मिटले, त्या एका काळ्या सुळ्यासकट, आणि उठून गेली. जाताना दारातून म्हणाली, "तुह्या मायले सांग, उद्यापासून वावरात पाय ठेवायचा नाही."

डॉक्टर लाल झाला होता. "चालती हो. पत्र विसर आता."

"ते साफसफाईचं ना? राहू द्या तुमच्याचपाशी."

दवाखान्याच्या पायरीवर बसून मी बांगड्या घातल्या. एक बांगडी फुटली, मनगटाला लागली. रडूही आलं, काऊन नाही येणार? बुलडाण्याची जागा दुसऱ्या कोणाला तरी गेली. मायचं पाटलाकडचं काम सुटलं. ती मला दिवसभर बोलली. "हात चालत होता ना गुपचूप? काहाले तोंड घातलं तू मंधात?" मी म्हटलं, "माय, गुपचूप हात चोराचा चालते. माहा नाही." ती गप झाली. समजली म्हणून नाही, थकली म्हणून. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावच्या शिवारात कामाला गेली, आणि मीही तिच्यासोबत गेले. कापसाच्या बोंडांनी बोटं चिरली. ती बोटं मी पाहत बसायची.

पण एक गोष्ट मी तेव्हाच पक्की केली. काम मिळो की न मिळो, पत्र मिळो की न मिळो. ज्याच्या तोंडात माझा हात जाईल, त्याला आधी माझं नाव सांगीन, गाव सांगीन, बापाचं नाव सांगीन. मग विचारीन, करू का? नको म्हणाला तर ऊठ म्हणीन, तुझं किटण तुला लखलाभ. हो म्हणाला तर दिवा त्याच्या तोंडावर फिरवीन. आणि उजेड लागला तरी डोळे उघडेच ठेवायला लावीन.