शून्य सरांचं नाक

शून्य सर कुणाच्याही घरी गेले तरी लगेच आत येत नसत. उंबऱ्याबाहेर मिनिटभर नुसते उभे राहत. पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा माझ्या बायकोला वाटलं, पाव्हणे रागावलेत. तिनं दोनदा "या ना, या ना" केलं. सर म्हणाले, "येतो वहिनी. बाहेरची हवा आधी उतरू द्या." वास घ्यायचा तर नाक आधी रिकामं पाहिजे, आणि ते रिकामं झालं की नाही हे थांबल्याशिवाय कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. "आधी शून्य, मग वास." हे ते इतक्या वेळा म्हणत की वैजापूरच्या मार्केट यार्डात त्यांचं खरं आडनाव कुणी विचारलंच नाही.

ते प्राध्यापक नव्हते. संभाजीनगरच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहायक होते. पण बिघडलेलं यंत्र चालू करायचं असलं की प्राध्यापकांना यांनाच बोलवावं लागे, त्यामुळे सगळेच सर म्हणत. माझी आणि त्यांची ओळख झाली तेव्हा ते निवृत्त होऊन देवगाव रंगारीच्या शेतात कांदा करू लागले होते.

मी कांद्याचा व्यापारी. हमालीतून वर आलो. गोणी पाठीवर असली की तिचं तोंड कानाशी येतं. दहा वर्षं तो वास घेतला आणि नाक तयार झालं. पुढे लायसन काढलं तेव्हा माझ्याकडे दुसरं भांडवल नव्हतं. ट्रॉलीत कोपरापर्यंत हात घालायचा, खालचा कांदा वर काढायचा, एकदा हुंगायचं आणि शंभरात किती आतून गेलेत ते सांगायचं. बाहेरून चकचकीत असलेला मालही मला फसवू शकत नसे. माणसं ओळखण्यातही मी सहसा चुकत नाही. चुकत असतो तर अजून गोण्याच वाहत असतो. या एका माणसाच्या बाबतीत चुकलो, आणि ती चूक त्यांनी मला दोन हंगाम सुखानं करू दिली. त्याचा राग अजून गेलेला नाही.

सरांची पहिली ट्रॉली माझ्यापुढे आली तेव्हा मी हुंगून म्हणालो, "शंभरात अठरा गेलेत. मला नको." दुसरा शेतकरी असता तर आईमाईवर आला असता. सरांनी खिशातून वही काढली.

"अठरा म्हणालात ना?"

"व्हय. कमी करून मिळणार नाही."

"कमी नको. कळायला किती सेकंद लागले तेवढं सांगा."

मला वाटलं, उन्हाचा त्रास झालाय. आठ दिवसांनी ते परत आले. ट्रॉलीतले शंभर कांदे मोजून घरी नेले होते आणि बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, शेजारी बसवून एकेक चिरला होता. "एकोणीस निघाले," म्हणाले. "पण एकोणिसावा वादाचा आहे. काकूंच्या मते चांगला होता." मग माझ्या नाकाकडे असं बघू लागले की मी रुमाल काढून नाक पुसलं.

त्यांना यंत्राचं नाक बनवायचं होतं. माझं नाक त्याचं मास्तर होणार होतं. मी अट घातली: पहिलं यंत्र यार्डात फक्त माझ्याबरोबर फिरेल, दुसऱ्या व्यापाऱ्याला दाखवायचंसुद्धा नाही. मी तासभर घासाघीस करायच्या तयारीनं बसलो होतो. सर "बरं" म्हणाले. समोरचा पहिल्या बोलीला "बरं" म्हणाला की मला झोप लागत नाही.

यंत्र म्हणजे स्टीलचा जेवणाचा डबा होता. झाकणाला आतून आठ सेन्सर, शर्टाच्या गुंडीएवढे. प्रत्येकाला वेगवेगळे वायू जाणवतात, आणि जाणवले की त्यातून जाणारी वीज कमीजास्त होते. हवा ओढायला माशांच्या टाकीचा पंप. एका नळीनं कांद्याची हवा यायची, दुसरीनं कोळशातून गाळलेली साफ हवा. आधी साफ हवा सोडायची, आकडे शून्यावर येऊन बसायचे, मगच कांद्याची. याला आठ मिनिटं लागत. मी यार्डात आठ मिनिटांत तीन ट्रॉल्या घेतो. पहिल्या दिवशी मी डब्याला लाथ मारली नाही ती केवळ काकूंनी पोहे केले होते म्हणून.

पण आकडे एकसारखे येत नव्हते. सरांनी कारण शोधलं: दर मिनिटाला किती हवा आत जाते ते पक्कं नव्हतं. त्यासाठी फ्लो कंट्रोलर लागतो, म्हणजे हवा मोजून सोडणारा नळ. नवा परवडण्यासारखा नव्हता. बंद पडलेल्या कारखान्यांचा माल संभाजीनगरात शहागंजातल्या एका भंगारवाल्याकडे येतो हे मला माहीत होतं. सरांना घेऊन गेलो. वाटेत बजावलं, "तुम्ही तोंड उघडायचं नाही. आवडलं तरी तोंड वाकडं करायचं."

दुकानदार चाचांनी दोन कंट्रोलर फडक्यानं पुसून पुढे ठेवले. मी म्हणालो, "चाचा, ये तो सडेला है."

"क्या बाताँ करते सेठ! बाहर का माल है, बिलकुल नवा."

"अगदी बरोबर," सर म्हणाले. "जर्मन आहे. आणि वापरलेलाही दिसत नाही. अहो, हा तर मी चार वर्षं शोधतोय!"

मी त्यांच्या पायावर पाय दिला.

"शेठ," सर म्हणाले, "तुमचा पाय माझ्या पायावर आहे."

चाचांनी सरांना चहा मागवला. मला विचारलंही नाही. आम्ही ते दोन कंट्रोलर चाचा म्हणतील त्या भावानं घेतले. परतताना शहराबाहेर पडेपर्यंत मी सरांना किती पैसे वाया गेले ते ऐकवलं. ते म्हणाले, "तो खोटं बोलला असता तर मी गप्प बसलो असतो."

कंट्रोलर बसल्यावर यंत्र ताळ्यावर आलं, आणि सर माझ्या मागे लागले. "नाकात किती हवा गेली हे मोजल्याशिवाय वासाला अर्थ नाही. तुम्ही रागात असलात की श्वास जास्त ओढता, शेठ. तुमच्या रागात कांदा जास्त सडतो." मी म्हणालो, "मी रागावत नाही!" त्यांनी वहीत नोंद केली. त्या दिवसापासून वहीत माझ्या आकड्यापुढे 'राग' असा एक रकाना आला. त्यात 'होय' किंवा 'नाही' असे. पहिल्या हंगामात 'नाही' चारदा आलं. त्यातल्या एका दिवशी माझा घसा बसला होता.

त्या हंगामाच्या शेवटी डबा आणि मी दोन-तीन कांद्यांच्या फरकानं बोलू लागलो. सर खूश झाले. खूश झाले की ते चष्मा पुसत.

त्यानंतरच्या पावसाळ्यात मला ताप आला आणि वास गेला. ताप उतरला, वास परतला नाही. मला कळलंही नव्हतं. एके दिवशी चुलीवरचं दूध जळून घरभर धूर झाला आणि मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसलो होतो. बायको धावत आली, आधी दुधाकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणालो, "बाहेर बोललीस तर याद राख." ती म्हणाली, "मी कशाला बोलू? जेवताना मीठमसाल्यावरून ओरडणं थांबलं तर लोकांना आपोआप कळेल." मी ओरडणं चालू ठेवलं.

डॉक्टर म्हणाले, येईल कधीतरी. यार्ड कधीतरीवर चालत नाही. शेठचं नाक गेलं एवढं एकदा पसरलं की दुसऱ्या दिवशीपासून जो तो सडका माल माझ्याच पुढ्यात आणून ओतणार, हे मला दिसत होतं. मी स्वतः व्यापारी असल्यामुळे दिसत होतं. मीही हेच केलं असतं. म्हणून हात ट्रॉलीत घालत राहिलो, हुंगत राहिलो आणि शेतकऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून आकडा सांगू लागलो. ज्याचा माल खराब असतो तो जास्त बोलतो. बरंच जमत होतं.

हंगामाच्या सुरुवातीला सरांचा निरोप आला, "तपासणीला या." सेन्सर वयानं सरकतो, दरवर्षी तपासावा लागतो. "त्यात सेन्सरचा दोष नसतो," ते म्हणाले. "सरकतो, एवढंच. नोंदवायचं, रागवायचं नाही. आणि तुम्हीही सेन्सरच." टेबलावर कागदात गुंडाळलेल्या बारा बरण्या होत्या, झाकणाला भोकं पाडलेल्या. आत काय आहे ते दिसत नव्हतं, किती सडलंय ते हुंगून आकड्यात सांगायचं होतं. शेतकरी नव्हता, चेहरा नव्हता. सरांच्या चेहऱ्यावर तर काही कधी नसायचंच. मी एकेक बरणी हुंगत अंदाजानं ठोकत गेलो: दोन, पाच, तीन, सात. सर लिहीत गेले. शेवटी पेन बंद करून म्हणाले, "झालं. चहा घ्या."

मी सुटलो म्हणून तीन कप चहा प्यालो.

मग सर म्हणाले, आता डबा लिलावात आणतो, गर्दीत शून्य लागतं का बघू. पहाटेच डबा लावून ठेवत, गळ्यात अडकवत आणि माझ्या डाव्या हाताला उभे राहत. मी नुसता डबा बाळगून असतो तर लोकांनी लगेच विचारलं असतं, नाकाला काय झालं. पण सर त्यांचा प्रयोग करतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. डब्याला छोटा पडदा होता; पहाटेच शून्य लावलेलं असल्यामुळे त्यावर आकडा लगेच यायचा. उन्हात तो दिसत नाही म्हणून सर डबा माझ्या सावलीत धरत. माझ्या सावलीत म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर. मी हात घालायचो, हुंगायचो, एक नजर खाली टाकायचो आणि आकडा सांगायचो. हमाल म्हणायचे, "शेठचं नाक म्हंजी नाक." मी मनात म्हणायचो, शिकलेला माणूस, पण किती भोळा! आपला आकडा चोरीला जातोय याचा पत्ता नाही.

एकदा पडद्यावरचा आकडा नुसता नाचत होता. वैजापूरच्याच एका शेतकऱ्याची ट्रॉली होती. तो म्हणाला, "बोला की शेठ, मागं लई गाड्या हायेत." मला वेळ काढायचा होता. मी त्याच्या पाल्यावरून, गोणीवरून, शेवटी ट्रॅक्टरच्या रंगावरून भांडण काढलं. शेजारून सर हळूच म्हणाले, "अजून दोन मिनिटं." मला वाटलं, स्वतःशी बोलतायत. दोन मिनिटं भांडलो, आकडा बसला, मी सांगितला.

असे दोन हंगाम गेले. गेल्या हिवाळ्यात सर गेले. सकाळी काकूंनी चहा ठेवला, आणि तो प्यायला कुणी उठलं नाही. मी देवगावला गेलो तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. मी उंबऱ्याबाहेर थांबलो. मिनिटाहून जास्त झालं असेल. काकूंनीच आत बोलावलं.

तेराव्यानंतर त्यांची मुलगी डबा आणि वही घेऊन आमच्याकडे आली. "बाबांनी सांगून ठेवलं होतं, हे शेठकडे द्यायचं," म्हणाली. ती गेल्यावर मी वही उघडली. मला माझ्या रागाचे 'होय' मोजायचे होते. बरण्यांच्या तपासणीचं पान लागलं. सरांचं अक्षर बारीक आणि सरळ.

'बरणी ४: कोरी, नुसती साफ हवा. शेठ: सात. बरणी ९: कोरी. शेठ: चार. बाकी दहाही जुळत नाहीत. वास पूर्ण गेला आहे. शेठचे आकडे यापुढे धरू नयेत. कुणालाही सांगू नये. लिलावात डाव्या बाजूला उभे राहणे. पडदा शेठकडे वळवून धरणे.'

मी ते पाचसहादा वाचलं. मी आयुष्यात कुणाकडून काही फुकट घेतलं नाही. जे घेतलं ते भांडून घेतलं. दोन हंगाम मी चोरी करतोय या समाधानात होतो, आणि हा माणूस उन्हात उभा राहून डबा माझ्याकडे वळवत होता. पैज लावा, भाव पाडा, तोंडावर सांगा, मी तुम्हाला पुरून उरेन. पण हे कुठल्या सौद्यात बसवायचं? आणि भांडायला गेलो तर उंबऱ्यातच थांबून माझा राग उतरायची वाट बघणारा माणूस आता नाही.

या हंगामाच्या पहिल्या लिलावाला डबा मीच गळ्यात अडकवून गेलो. पहिली ट्रॉली देवगावच्या एका मावशीची होती. मी हात घातला, कांदा वर काढला, पण नाकाला लावला नाही. डबा ट्रॉलीच्या फळीवर ठेवला आणि पडदा मावशींकडे वळवला.

"काय शेठ, नाक घरी ठेवलं का आज?"

"गेलंय ते. तीन वर्षं झाली. आता हे बघा. शंभरात बारा."

पलीकडचा एक व्यापारी हसला. मावशी पदरानं घाम पुसत पडद्यावर वाकल्या.

"बारा नाय. धा असत्याल. सर लावायचे तसं शून्य लावलं व्हतं का नीट?"

मी पुन्हा साफ हवा सोडली. आठ मिनिटं लिलाव उभा राहिला. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवले, हमालांनी तंबाखू मळली, मावशी कमरेवर हात ठेवून डब्यावर पहारा देत राहिल्या.

अकरा आले. मावशी म्हणाल्या, "बगा."

त्या दिवशी घरी येऊन मी सरांच्या वहीत शेवटच्या ओळीखाली तारीख घातली, ट्रॉली लिहिली, अकरा लिहिले. रागाच्या रकान्याशी जरा थांबलो, मग 'होय' लिहिलं. मावशींवर नव्हता.